शाल अद्याप का पाठवली नाही

ती. जाऊबाई यांना,

धाकट्या जावेचा वाकून नमस्कार (कंबर परवानगी देते तेवढाच).

तुमचं पत्र पोहोचलं. तुमचा गुडघा, रक्तदाब, सूनबाईंची नवी नोकरी आणि खिडकीसमोरच्या बांधकामाची धूळ, सगळ्यांची खुशाली कळली. धुळीवर तुम्ही जेवढं लिहिलंय त्याच्या निम्मं गुडघ्यावर लिहिलं असतंत तर आमचा जीव भांड्यात पडला असता. तुमचे दीर ठणठणीत आहेत. रोज सकाळी गॅलरीत उभं राहून समोरच्या क्रेनला सूचना देतात. क्रेन ऐकत नाही, पण घरात तरी त्यांचं कोण ऐकतं, म्हणून ते नाराज नसतात. कानाचं यंत्र तुम्ही ड्रॉवरमध्ये ठेवून दिलंय असं तुमच्या मुलाने फोनवर सांगितलं. त्या ड्रॉवरला आता सगळं अगदी स्वच्छ ऐकू येत असेल. तुम्हाला फोनवर काही कळत नाही म्हणून मला हे पत्र लिहावं लागतंय, आणि पत्र म्हटलं की माझा हात आवरत नाही हे तुम्हाला माहीत आहे. चष्मा लावून, चहा घेऊन बसा.

पत्राच्या शेवटी तुम्ही पुन्हा विचारलंय की तुमची विटकरी शाल तिकडे का येत नाही, तिकडे थंडी सुरू झाली, पोस्टात टाकायला काय होतं. पोस्टात टाकायला काहीच होत नाही. पण शाल सध्या कामात आहे. ती का आणि कुठल्या कामात आहे याचा खुलासा करण्यासाठी हे पत्र आहे. तुम्हाला इकडे बोलावण्यासाठी नाही, हे आधीच स्पष्ट करते. ज्याला ऐकू येत नाही त्याने नाटकाला जाऊन जागा अडवू नये, असं तुम्ही जाताना म्हणालात. ते मी ऐकून घेतलं, आणि त्यावर पुन्हा चकार शब्द काढणार नाही असं तुमच्या दिरांना वचनही दिलंय.

आधी शहराचं सांगते, त्याशिवाय शालीचं कळणार नाही. तुम्ही गेल्यापासून आपल्या नाटकांच्या जागा एकेक करून उठल्या. शाळेमागचा तो छोटा हॉल (जिथे पंख्याच्या आवाजात नायक कशाबद्दल माफी मागतोय ते शेवटपर्यंत कळायचं नाही) आता गाद्यांचं दुकान झालाय. मी परवा आत जाऊन आले. रंगमंच होता तिथे मोठा पलंग मांडलाय, आणि विक्रेता म्हणाला, झोपून बघा. मी झोपले. वर तेच छत आणि तोच ओलीचा डाग, जो तुम्हाला उंटासारखा दिसायचा आणि मला न्यायाधीशासारखा. झोपून पाहिलं तर तो उंटच आहे. इतक्या वर्षांचा वाद मिटला, तुम्ही जिंकलात. विक्रेत्याने विचारलं, कशी वाटली, तर मी म्हटलं, दुसरा अंक जरा लांबला होता.

त्यामुळे छोट्या नाटकवाल्यांची गत भाड्याचं घर शोधणाऱ्या नव्या जोडप्यासारखी झाली आहे. मिळेल त्या जागेत संसार. मध्यंतरी एक नाटक पाहिलं ते दुरुस्तीसाठी पाणी काढलेल्या पोहण्याच्या तलावात. प्रेक्षक खोल भागात, नट उथळ भागात. (बरोब्बर बसवलंय, असं तुम्ही म्हणाला असतात, आणि तेही शेवटच्या पायरीपर्यंत ऐकू जाईल अशा आवाजात.) दुसरं एक कपडे धुण्याच्या दुकानात झालं. नायिका घर सोडून जायला निघाली तेव्हाच मागचं मशीन जोरात फिरायला लागलं, म्हणून तिने ते थांबेपर्यंत निर्णय पुढे ढकलला. तेवढ्या वेळात नवरा सुधारला असता तर नाटकवाल्यांची पंचाईत झाली असती.

आणि एक नाटक होतं चक्क कुणाच्या तरी राहत्या घरात, दिवाणखान्यात. त्याचं तर विचारू नका. पत्ता नव्या टॉवरमधला. हे टॉवर सगळे सारखे, मजले सारखे, दाराबाहेरच्या कुंड्यासुद्धा सारख्या. दार उघडं होतं, आत माणसं सोफ्यावर, खुर्च्यांवर बसलेली दिसली, म्हणून मी चपला काढून कोपऱ्यात जागा धरली. मधोमध एक बाई आणि तिचा भाऊ उभे राहून भांडत होते, म्हाताऱ्या आत्याने यापुढे कुणाकडे राहायचं यावरून. काय काम करत होते, जाऊबाई. एकमेकांची वाक्यं तोडत होते, मधेच भलत्याच विषयावर घसरत होते, पाठ केल्यासारखं कुणीच बोलत नव्हतं. आत्या तर एक शब्द न बोलता चादरीची घडी घालत होती आणि पुन्हा मोडत होती. मला वाटलं, अखेर या शहरात कुणीतरी अभिनय शिकवायला लागलं. शेवटी भाऊ 'ठीक आहे, मीच वाईट' म्हणून आतल्या खोलीत निघून गेला आणि मी कडकडून टाळ्या वाजवल्या. एकटीनेच. सगळी खोली माझ्याकडे वळली. इतका वेळ त्या बाईला मी तिच्या वहिनीच्या माहेरची वाटत होते आणि वहिनीला मी बाईच्या सासरची. नाटक एक मजला वर होतं. माझी जी काही शोभा झाली ती झाली, पण आत्या दारापर्यंत पोचवायला आली आणि हळूच म्हणाली, पुन्हा या. मी वर गेलेच नाही. जिन्यात बसले आणि पोट धरून हसले, आणि हसता हसता हे सांगायला उजवीकडे वळले तर तिकडे कठडा होता.

राहता राहिला आपला काचेच्या गोदामावरचा हॉल. तो अजून उभा आहे. खाली ट्रकमध्ये काचा चढवायला लागले की वर अजून सगळे नट मनातल्या मनात हात जोडून संवाद म्हणतात, काही फुटू नये म्हणून. तिकिटाच्या खिडकीवाली तीच आहे, आणि मी समोर दिसले की न विचारता दोन तिकिटं फाडते. पहिल्यांदा तुमच्याशिवाय गेले तेव्हा तिला 'एकच' म्हणून सांगणार होते, पण दोन्हींचे पैसे मोजून दिले. त्याच वेळी तिने ड्रॉवरमधून तुमची शाल काढून दिली. तुम्ही त्या दिवशी जी तडक उठून गेलात, तेव्हा ती खुर्चीच्या पाठीवरच राहिली होती. मी ती घेतली, आत गेले, चौथ्या रांगेत आपल्या खुर्च्यांपाशी पोचले, आणि एक रिकामी खुर्ची असली की तिच्यावर माणसं पिशव्या ठेवतात म्हणून तुमच्या जागेवर शाल टाकली. जागा धरली, दुसरं काही नाही. बसमध्ये रुमाल टाकतो तसं. फक्त बसमध्ये माणूस मागून चढतं.

त्या दिवशीचं मी उकरून काढत नाही. पण तुम्ही सोयीस्करपणे विसरला असाल असं धरून सांगते (विसरला नाहीत हे मला पक्कं माहीत आहे). तुमचे कान कमी झाल्यापासून नटाचं वाक्य संपलं की ते मी तुमच्या डाव्या कानात सांगायचं, ही आपली पद्धत. तेवढ्यात पुढचं वाक्य निसटायचं, मग ते मी मनाने रचून सांगायचे. (गेली कित्येक वर्षं तुम्ही पाहिलेली नाटकं निम्मी लेखकाची आणि निम्मी माझी होती. तुम्हाला आवडली ती बहुतेक माझी.) त्या दिवशी पुढच्या रांगेतले ते उंच गृहस्थ वळले, 'श्श' म्हणाले, आणि वर म्हणाले, बोलायचं असेल तर घरी बसा. मी कुजबुजलेलं तुम्हाला कधी कधी ऐकू यायचं नाही, पण ते मात्र स्वच्छ ऐकू आलं. तुम्ही तडक उठून बाहेर पडलात. पुढच्याच आठवड्यात मुलाला कळवलंत, येते म्हणून. इतकी वर्षं तो 'ये, ये' म्हणत होता तेव्हा तुमच्याकडे शंभर कारणं होती.

तर शाल खुर्चीवर, मी शेजारी, नाटक सुरू. आणि सवय मोठी वाईट. नट बोलला की माझे ओठ आपोआप हलायचे आणि मान उजवीकडे कलायची. शाल माझ्यापेक्षा चांगली श्रोती निघाली, मधेच 'काय म्हणाला?' असं विचारायची नाही. पण मी सांगितल्याशिवाय मलाच नाटक कळत नाही, हे त्यातून लक्षात आलं. पूर्वी मला वाटायचं मी तुमच्यासाठी सांगते. विनोदी नाटकातसुद्धा डोळे पुसायची वेळ यायला लागली, कारण विनोद झाला की तुम्ही तो कळल्यावर हसायचात, म्हणजे सगळ्या हॉलच्या नंतर, एकट्याच. ते मागाहून येणारं हसू आता येत नाही. सगळे हसून झाले की हॉल एकदम गप्प होतो, आणि मला चुकल्यासारखं वाटत राहतं.

हे सगळं पडद्याआडून कोण पाहत होतं, तर दाढी. (नाव तुम्हीच ठेवलेलं, म्हणून तेच लिहिते. दिग्दर्शक म्हणून त्याचं जे काय नाव असेल ते असो.) आणि आता नाटकवाल्यांची अक्कल बघा. माणूस रिकाम्या खुर्चीशी कुजबुजताना आणि डोळे पुसताना दिसलं की ते वारलेल्याशी बोलतंय, यापलीकडे त्यांना सुचत नाही. ते मुलाकडे राहायला गेलेल्याशी बोलत असेल, हे त्यांच्या कुठल्याच नाटकात बसत नाही. खिडकीवालीने शाल मागे राहिल्याचं सांगितल्यावर तर त्याची खात्रीच पटली. मला विचारायचं कुणी? असं विचारायचं नसतं म्हणे, जखम ताजी असते. दाढी आमच्या चष्म्याच्या दुकानात नेहमी येतो, कारण तालमीत चिडला की चष्मा फेकतो आणि मग दांडी वाकडी होते. तो हल्ली माझ्याशी इतक्या हळुवारपणे बोलायला लागला होता की मला वाटलं, दांडी फुकट सरळ करून हवी असेल.

मग एके दिवशी नाटक संपल्यावर तो पुढे आला आणि म्हणाला, आजचा प्रयोग आपल्यातून गेलेल्या एका प्रेक्षकाला अर्पण आहे. मी मनात म्हटलं, अरेरे, कोण गेलं? तो पुढे म्हणाला, त्या चौथ्या रांगेत बसायच्या, आणि नाटक कंटाळवाणं झालं की खाकरायच्या, आम्ही त्या खाकरण्याला घाबरून सुधारलो. तरीही माझ्या डोक्यात प्रकाश पडेना. चौथ्या रांगेत आपल्याशिवाय आणखी कोण खाकरतं, असा विचार करत मी इकडेतिकडे बघत होते. सगळे उभे राहिले तशी मीही राहिले. आणि मग दाढीने शालीकडे पाहून मान खाली घातली तेव्हा कळलं, गेलात त्या तुम्ही.

आता तुम्हीच सांगा, भरलेला हॉल मान खाली घालून उभा असताना, 'अहो, त्या जिवंत आहेत, परवाच धुळीबद्दल पत्र आलंय' असं मधेच कसं म्हणायचं? मी तोंड उघडलं होतं, खरंच. पण त्या शांततेत खाली गोदामात कुणीतरी काच ठेवल्याचा आवाज झाला, आणि मला वाटलं आता तुम्ही खाकराल. नाही खाकरलात. आणि मग मी जी रडले, जाऊबाई, ती थांबेना. शेजारपाजारच्या बायकांनी धरून खाली आणलं. त्यात नाटक काडीचंही नव्हतं. मेलेल्या माणसासाठी रडता येतं, लोक पाणी आणून देतात. जिवंत माणसासाठी रडलं की म्हणतात, मग फोन करा ना. घरी येऊन मी तुमच्या दिरांना घडलेलं सगळं सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, वहिनीला कळवलंस का?

दुसऱ्या दिवशी मी सगळ्यांना खरं सांगून टाकणार होते. पण खोटं का बोलू, तुमच्या जाण्याचे फायदे फार. जिना चढताना कुणीतरी हात देतं. मध्यंतरात चहा जागेवर येतो, बिस्किटासकट. आणि सगळ्यात मोठा फायदा म्हणजे ते श्श वाले गृहस्थ. त्या दिवसापासून त्यांची मान वर होईना. एकदा मध्यंतरात माझ्याजवळ आले, टोपी हातात, आणि म्हणाले, मी त्यांना शेवटचं बोललो ते तसं बोललो, मला झोप लागत नाही. मी म्हटलं, असू द्या, आता काय उपयोग. (म्हटलं मी असं. तुम्हाला राग आला असेल तर येऊ द्या, पण तुमच्या वतीने मला फार गार वाटलं.) तेव्हापासून ते गृहस्थ हॉल उघडायच्या आधी येऊन तुमच्या खुर्चीवरची धूळ पुसून ठेवतात. म्हणजे इकडेही धुळीकडे दुर्लक्ष नाही, हे तुमच्या माहितीसाठी.

इथवर ठीक होतं. पण दाढीला आता तुमच्यावर नाटक बसवायचं सुचलं. हॉल पाडायचा ठरलाय, काचेच्या गोदामाच्या मालकाने जागा विकली, आणि हॉलमधलं शेवटचं नाटक दोन जावांचं असावं, असं त्याच्या मनाने घेतलं. मला तालमीला बोलावलं, शाल घेऊन या म्हणाला. मी गेले. तुमचं काम करणारी नटी म्हणजे एक गोड मुलगी, इतकी गोड की तिच्याकडे पाहून दात दुखावेत. तिने तुमची शाल अशी अंगभर लपेटली, जशी तुम्ही जन्मात कधी लपेटली नाहीत (तुम्ही ती गुडघ्यावर टाकता, आणि नाटक वाईट असलं की घडी घालायला लागता). आणि ती म्हणायला लागली, 'धाकटे, कलाकारांचं मन मोडू नये गं, सगळेच आपापल्या परीने छान करतात.' तुम्ही! मी म्हटलं, हे कुणी लिहिलं? दाढी म्हणाला, गेलेल्या माणसाबद्दल चांगलंच लिहायचं असतं.

मग माझा तोल सुटला. मी रंगमंचावर चढले आणि त्या पोरीला दाखवायला लागले. म्हटलं, अशा नव्हत्या त्या. चष्मा काढून मांडीवर ठेवला म्हणजे दिग्दर्शकाचं काही खरं नाही. पेपरमिंटचा कागद नेमक्या करुण प्रसंगी सोडायच्या. पात्र खोकलं की 'आता हा मरणार' असं मोठ्याने सांगायच्या, आणि ते मरायचंच. घरी जाताना पुलापर्यंत नाटकाची चिरफाड करायची, आणि पुलावर थांबून म्हणायचं, पण तो भाजीवाला झाला होता तो पोरगा मनापासून करत होता हं. तेवढ्या एका वाक्यासाठी मी सगळा रस्ता चालायचे. लग्न होऊन या घरात आले तेव्हा मला वाटलं होतं, मोठी जाऊ म्हणजे आयुष्यभर धाक. तुम्ही पहिल्याच आठवड्यात मला 'बाजारात जाऊन येतो' म्हणून घरातून काढलंत आणि तळघरातल्या नाटकाला नेलंत. रिकामी पिशवी घेऊन परत आलो आणि तुम्ही सासूबाईंना सांगितलंत, बाजार बंद होता. हे सगळं मी त्या नटीला सांगत होते, आणि ती म्हणाली, किती छान होत्या ना त्या. मी म्हटलं, होत्या काय, आहेत.

दाढीने चष्मा काढला, पण फेकला नाही, खालीच बसला. मी सगळं सांगून टाकलं, मुलगा, गुडघा, धूळ, सगळं. मला वाटलं आता हाकलून देतील. पण ती गोड मुलगी म्हणाली, 'मग त्या येत का नाहीत?' मेलेल्या माणसाबद्दल हा प्रश्न कुणी विचारत नाही, तेवढी एक सोय असते. तुमचं कारण मी सांगायला गेले, की ऐकू येत नाही, लोकांना त्रास होतो, आणि ते माझ्या तोंडून इतकं लंगडं बाहेर पडलं की मलाच पटेना.

तेवढ्यात मागून ते श्श वाले गृहस्थ उठले. (ते तालमींनाही येतात, बिस्किटं घेऊन.) तुम्ही जिवंत आहात हे ऐकून ते आधी रडले आणि मग माझ्यावर चिडले, दोन्ही रास्तच होतं. पण नंतर म्हणाले ते तुम्ही नीट वाचा. त्यांनाही बरेच दिवस कमी ऐकू येतंय. रंगमंचावरचं पोचायचं नाही, पण मागून माझी कुजबुज स्पष्ट पोचायची. त्या दिवशी ते वळले ते या रागाने, की आपल्याला आता नटाचं नाही, मागच्या बाईचं ऐकून नाटक कळतंय. राग स्वतःच्या कानांचा होता, निघाला आपल्यावर. आणि तुम्ही गेल्यापासून मी शालीशी फारच हळू बोलते, त्यामुळे त्यांना एकाही नाटकाचा शेवट कळलेला नाही. त्यांनी मला विनंती केली, जरा मोठ्याने कुजबुजत चला.

तर असं आहे. ज्याच्यामुळे तुम्ही उठून गेलात तो माणूस तुमची खुर्ची पुसतोय आणि माझ्या कुजबुजीवर नाटक बघतोय. तरीही, मी तुम्हाला बोलावत नाहीये. तुमचा निर्णय तुमचा. मुलाचं घर मोठं आहे, सूनबाई करतात सगळं, खिडकीतून झाड दिसतं असं तुम्हीच लिहिलंत. इथे काय आहे? दोन पुलांमधला खणलेला रस्ता, मी, आणि गॅलरीतून क्रेनला ओरडणारे तुमचे दीर. आठवण येते एवढंच. संध्याकाळी दुकान बंद करताना येते, खिडकीवालीने दोन तिकिटं फाडली की येते, पुलावर थांबलं की फार येते. पुलावर मी अजून थांबते. कुणी 'पण तो पोरगा मनापासून करत होता' असं म्हणत नाही, मग मीच म्हणते आणि घरी जाते.

लांबण लागली. गुडघ्याला शेक द्या, यंत्र ड्रॉवरमधून काढा, मुलाला आणि सूनबाईंना आमचे आशीर्वाद सांगा. तुमचे दीर नमस्कार सांगतात आणि विचारतात, तिकडच्या बांधकामावर क्रेन कुठल्या बाजूला लावली आहे.

तुमची,
धाकटी

ता. क. हॉलमधल्या खुर्च्या जुन्या प्रेक्षकांना घरी न्यायला सांगितलंय. मी आपल्या चौथ्या रांगेतली तुमची आणि माझी मागितली. दोन दोन खुर्च्या मधल्या एकाच हाताला जोडलेल्या आहेत, एक सुटी निघत नाही. त्यामुळे जोडी येणार, गॅलरीत मावते असं तुमच्या दिरांनी टेप लावून पाहिलंय. दुसरीवर कोण बसणार, असं त्यांनी विचारलं. मी दोन्ही खुर्च्यांची मापं कागदावर उतरवली.

आणखी एक. मी वर लिहिलंय की बोलावत नाही. ते तुमच्या दिरांना दिलेल्या वचनापुरतं होतं, आणि पत्र टाकण्याआधी त्यांनी ते वाचून स्वतःच मला वचनातून मोकळं केलं. नाटक पुढच्या महिन्यातल्या शेवटच्या रविवारी आहे, संध्याकाळचं. तुमच्या मुलाशी माझं बोलणं झालंय, तो आदल्या दिवशी घेऊन येतोय. त्याने तुमची बॅग भरायला घेतली असेल तर ती का, हे आता तुम्हाला कळलं असेल.

आणि शेवटचं, शालीचं. ती पाठवणार नाही. ती त्या संध्याकाळी तुमच्या खुर्चीवर असेल, तुम्ही ती उचलायची आणि बसायचं. नाटकात सगळं बसलं, चष्मा, पेपरमिंट, सगळं, पण तुमचं खाकरणं त्या पोरीला काही केल्या जमेना. दाढीने शेवटी ते काढूनच टाकलं आणि त्या ठिकाणी जागा मोकळी सोडली आहे. नट बोलायचे थांबणार आणि चौथ्या रांगेकडे बघत राहणार. तिकडून खाकरल्याचा आवाज येईपर्यंत पुढचं वाक्य कुणीही म्हणायचं नाही, असं ठरलंय. तुम्ही आला नाहीत तर तो शेवटचा प्रयोग तिथेच थांबून राहील. तुम्हाला ऐकू येणार नाही, वेळ कळणार नाही, ही काळजी करू नका. ती जागा आली की मी कानात सांगेन.